गरोदरपणातले वजन : किती चढावे, किती उतरावे



उसाची गाडी भरून आली की काट्यावर एकदा वजन होते, रिकामी होऊन निघाली की दुसऱ्यांदा होते, आणि दोहोंतला फरक आपल्या खात्यावर पडतो. त्या हिशेबात थोडी गडबड वाटली तर आपण शेतकी ऑफिसात जाऊन ठाण मांडून बसतो, आणि ते बरोबरच आहे. पण घरातली सून किंवा माहेरी आलेली लेक पोटुशी असते तेव्हा दिवस गेले त्या वेळी तिचे वजन किती होते, सातव्या महिन्यात किती झाले, बाळंत झाल्यावर किती राहिले, असे विचारले तर बहुतेक घरांतून उत्तर येते, “ते नर्सबाईंच्या कार्डावर असंल.” कार्डावर असते हे खरे. ते वाचतो कोण, हा प्रश्न आहे. हा अंक बहुधा पुरुष मंडळींच्या हाती आधी पडतो, म्हणूनच हा विषय आम्ही मुद्दाम येथे घेत आहोत.

गरोदरपणी वजन वाढते ते सगळे बाळाचे, असा एक समज आहे. आणि बाळ तर तीन किलोचे, मग दहा-बारा किलो वाढायचे कारण काय, असे कुणी म्हटले तर ते वरवर पटतेही. म्हणून हिशेब मांडून पाहू. बाळ तीन किलो. वार सहाशे ग्रॅमच्या आसपास. बाळाभोवतीचे पाणी आठशे ग्रॅम. गर्भपिशवी एरवी साठ-सत्तर ग्रॅमची, ती वाढत वाढत एक किलोपर्यंत जाते. स्तनांचे वजन चारशे ग्रॅम वाढते. आईच्या अंगातले रक्त वाढते ते सव्वा-दीड किलो, कारण वारेतून बाळाला पुरवठा करायचा तर मूळचे रक्त पुरत नाही. अंगात मुरलेले जादा पाणी तेवढेच. आणि राहिली अडीच-तीन किलो चरबी. बेरीज केली तर अकरा किलोच्या पुढेमागे येते. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था भारतीय स्त्रीसाठी दहा ते बारा किलो वाढ सांगते, ती अशी येते.

यातली चरबी फुकट नाही. बाळंतपणानंतर दूध तयार करायला रोज जी ऊर्जा लागते तिची तजवीज शरीर आधीच करून ठेवते. ज्या बाईचे वजन नऊ महिन्यांत पाच-सहा किलोच वाढले, तिच्या अंगात ही शिल्लक पडलेलीच नसते. वार, रक्त आणि बाळ यांची वाढसुद्धा मग ओढूनताणून होते.

प्रत्येकीला दहा-बाराच किलो, असेही नाही. सुरुवातीला ती कशी होती यावर ते अवलंबून आहे. त्यासाठी वजन आणि उंची यांचे एक गणित डॉक्टर करतात. वजन किलोत घ्यायचे आणि मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. उत्तर साडेअठराच्या खाली आले तर बाई कृश समजतात. आपल्याकडे पाच फूट उंचीच्या बायका पुष्कळ, त्यांच्यापुरते सोपे करून सांगतो. पाच फुटी बाईचे वजन त्रेचाळीस किलोच्या खाली असेल तर ती कृश आहे. अमेरिकेच्या एका वैद्यकीय संस्थेने २००९ साली जो तक्ता दिला तो जगभर वापरतात. त्याप्रमाणे अशा कृश बाईचे वजन साडेबारा ते अठरा किलो वाढावे. पाच फुटी बाई त्रेचाळीस ते सत्तावन्न किलोची असेल तर साडेअकरा ते सोळा, अठ्ठावन्न ते एकोणसत्तरची असेल तर सात ते साडेअकरा, आणि सत्तरीच्या वर असेल तर पाच ते नऊ. तक्ता तिकडच्या बायकांवरून केलेला आहे, त्यामुळे आकडे शब्दशः घेऊ नयेत. पण त्यातले तत्त्व आपल्यालाही लागू आहे. जी मूळची वाळलेली तिचे जास्त वाढले पाहिजे, जी अंगाने भरलेली तिचे कमी वाढले तरी चालते. आपल्या घरांतून नेमके उलटे घडते. धट्टीकट्टी दिसते तिला “खा गं, दोन जिवांची आहेस” म्हणून आग्रह, आणि मुळातच काटकुळी असते तिला “पोर मोठं झालं तर अडेल” म्हणून हात आखडता.

या “अडेल” शब्दाने आजवर पुष्कळ नुकसान केले आहे. बाईने कमी खाल्ले म्हणजे बाळंतपण सोपे जाते, असा हिशेब नाही. उपाशी आईच्या पोटात बाळ बारीक राहते, पण त्याच्या डोक्याची वाढ निसर्ग शेवटपर्यंत राखतो. आटतात ते हातपाय, दंड, मांड्या. आईच्या अंगात मात्र कळा सोसायची ताकद उरत नाही, आणि रक्त कमी असेल तर बाळंतपणातला थोडासा रक्तस्रावही तिला जड जातो. जन्मतः अडीच किलोच्या खालचे बाळ कमी वजनाचे समजतात. त्याला थंडी लवकर बाधते, जंतुसंसर्ग लवकर होतो, अंगावर ओढायची ताकद कमी म्हणून दूधही कमी जाते.

आपल्या पुणे जिल्ह्यातलाच दाखला आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ सालापासून पुण्याजवळच्या सहा गावांत दिवस जाण्याआधीपासून बायकांची वजने, उंची, खाणेपिणे, कामधाम यांची नोंद ठेवली आणि पुढे त्यांच्या मुलांचाही वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. त्या शेतकरी बायकांचे सरासरी वजन बेचाळीस किलोच्या आसपास होते. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन गावची बाळे ३.५ किलोची. एवढ्याने कुणाला आश्चर्य वाटणार नाही. आश्चर्य पुढेच आहे. आपली बाळे बारीक असूनही त्यांच्या अंगातली चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. कमी होते ते मांस आणि स्नायू. वरून बारीक, आतून चरबीदार अशी ही ठेवण पुढे मोठेपणी मधुमेहाला वाट करून देते, असे त्यांचे म्हणणे आहे. पन्नाशीत ज्याच्या साखरेची आपण चिंता करतो, त्याचा पाया आईच्या पोटात घातला गेलेला असू शकतो. गोळ्यांचा खर्च मोजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

त्याच गावांच्या अभ्यासातून दोन गोष्टी निघाल्या त्या आपल्या फार उपयोगाच्या आहेत. पहिली अशी की नुसते पोटभर खाण्यापेक्षा काय खाल्ले याला जास्त महत्त्व आले. ज्या आयांच्या खाण्यात पालेभाजी, फळे आणि दूध वरचेवर होते त्यांची बाळे अधिक चांगल्या वजनाची निघाली. यात विकत आणायचे असे थोडेच आहे. उसाच्या सरीत कडेने लावलेली मेथी, शेपू, चुका, राजगिरा, बांधावरचा शेवगा, परड्यातला पेरू. पण मेथीची पेंढी बाजारला जाते आणि दूध डेअरीला. सकाळी चरवी भरून जाते तेव्हा त्यातले पावशेर घरच्या पोटुशीसाठी बाजूला काढणे ज्याच्या हातात आहे त्याने ते काढावे. शाकाहारी घरांत तर दूध-दही फार गरजेचे, कारण रक्त आणि मज्जातंतूंना लागणारे ब-१२ हे जीवनसत्त्व भाजी-भाकरीतून मिळत नाही. त्या गावांतल्या बऱ्याच आयांत तेच कमी आढळले होते. चालत असेल त्या घरी अंडे द्यावे.

दुसरी गोष्ट कामाची. गरोदरपणात ज्यांच्यावर अंगमेहनतीचा भार जास्त होता त्यांची बाळे आकाराने लहान निघाली. शेतातले काम, विहिरीवरून पाणी, धुण्याची पाटी, हे सगळे यात आले. हिंडते-फिरते राहावे, हलके काम करावे, हे खरेच. पण हिंडणे वेगळे आणि डोक्यावर ओझे घेऊन बांध चढणे वेगळे. सहाव्या महिन्यानंतर खुरपणीला वाकून दिवस काढणे, खताची पाटी उचलणे, या गोष्टी घरात दुसऱ्या कुणीतरी अंगावर घ्याव्यात. दुपारी तासभर आडवे पडली म्हणून ती आळशी होत नाही.

आता आहार किती वाढवायचा? “दोन जिवांचे” म्हणजे दुप्पट, हे खरे नाही. चौथ्या महिन्यापासून रोज साडेतीनशे उष्मांक जादा लागतात. एक मध्यम भाकरी आणि मूठभर शेंगदाणे यात तेवढे निघतात. मात्र हे रोज मिळाले पाहिजे, आणि सगळ्यांची जेवणे उरकल्यावर टोपल्यात उरेल त्यातून मिळता कामा नये. एका वेळी जात नसेल तर चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे. आम्ही साखर कारखान्याच्या पत्रकात हे लिहितो आहोत तरी सांगायला हवे, की साखरेने ऊर्जा मिळते, रक्त वाढत नाही. गुळात लोह असते, पण ते इतके थोडे की गुळाच्या भरवशावर लोहाच्या गोळ्या टाळणे म्हणजे स्वतःलाच फसवणे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. चौथ्या महिन्यापासून लोहाची लाल गोळी रोज एक, अशी १८० दिवस घ्यायची, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. हे “नंतर” बहुतेक जणी विसरतात. गोळी चहाबरोबर घेऊ नये, चहा लोह अडवून धरतो. लिंबू चालते. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी. शौच काळे होते त्याला घाबरू नये.

वजन कसे चढत जावे हेही ठाऊक असावे. पहिल्या तीन महिन्यांत किलो-दीड किलो वाढले तरी पुरे. कोरड्या उलट्यांनी एखादा किलो उतरला तरी घाबरण्याचे कारण नाही. मात्र पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल आणि दोन-अडीच किलो उतरले तर दवाखाना गाठावा. चौथ्या महिन्यापासून दरमहा दीड-दोन किलो. एखाद्या महिन्यात काटा हललाच नाही तर नर्सबाईंना कारण विचारावे. आणि एका महिन्यात तीन किलोच्या वर उडी मारली तर “छान अंग धरलंय” म्हणून कौतुक करत बसू नये. जुळे असू शकते, साखर वाढलेली असू शकते, किंवा रक्तदाब. त्यातून चेहऱ्यावर, हातांवर सूज असेल, बांगड्या रुतायला लागल्या असतील, डोके ठणकत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, छातीखाली पोट दुखत असेल, तर त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच, तिला दवाखान्यात न्यावे. ही सूज आणि हे वजन पाण्याचे असते, आणि यातून झटके येऊन आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतते. १०८ नंबरची गाडी यासाठीच आहे.

मधुमेहाची तपासणी आता सर्व गरोदर स्त्रियांची करतात. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला देऊन दोन तासांनी रक्त पाहतात, आकडा १४० किंवा वर आला तर उपचार सुरू होतात. ही तपासणी एकदा नाव नोंदवताना आणि एकदा सहाव्या-सातव्या महिन्यात व्हायला हवी. वजन जास्त असलेल्या बायकांत हा त्रास अधिक निघतो, आणि तशा बायका खेड्यातही आता कमी राहिलेल्या नाहीत. वरच्याच पाहणीत देशातल्या १८.७ टक्के स्त्रिया कृश, तर २४ टक्के स्त्रिया वाजवीपेक्षा जास्त वजनाच्या निघाल्या. मात्र ही झाली सगळ्या वयांची सरासरी. लेकुरवाळ्या होण्याच्या वयातल्या तरुण मुली जास्त बारीक असतात. डायन कॉफी या संशोधिकेने २००५-०६ च्या पाहणीवरून हिशेब करून २०१५ साली दाखवले, की आपल्या देशात ४२.२ टक्के स्त्रिया कमी वजनाच्या असतानाच त्यांना दिवस जातात. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत, आपल्याहून गरीब देशांत, हेच प्रमाण १६.५ टक्के होते. आणि आपल्याकडे गरोदरपणात वाढ होते ती सरासरी सातच किलोंची. अन्न तिकडे आपल्यापेक्षा जास्त पिकते असे नव्हे. घरात नव्याने आलेली सून सगळ्यांत शेवटी जेवते, यापलीकडे आम्हाला दुसरे उत्तर सुचत नाही.

बाळंतपणानंतर

बाळ, वार, पाणी आणि थोडे रक्त मिळून पाचएक किलो त्याच दिवशी उतरतात. पुढच्या आठ-दहा दिवसांत अंगात साठलेले पाणी लघवीवाटे आणि घामावाटे जाते, त्याचे आणखी दोन-तीन किलो. बाळंतिणीला रात्री दरदरून घाम सुटतो तो यामुळे, त्यात भिण्यासारखे काही नाही. काही घरांतून याच दिवसांत तिला पाणी तोडतात, पोट सुटेल म्हणून. हे साफ चुकीचे आहे. अंगातून पाणी जाते आहे, त्यात दूध तयार व्हायचे आहे, म्हणून तहान लागेल तेवढे पाणी तिला द्यायलाच हवे. गर्भपिशवी आठवड्यात निम्मी होते आणि दीड महिन्यात जवळजवळ पूर्वीच्या आकाराला येते. पोट काही दिवस मोठे दिसते ते यामुळे, आणि ताणलेले स्नायू सैल पडल्यामुळे. पोटाला पट्टा बांधल्याने आधार वाटतो, वाटत असेल तर बांधावा, पण पट्ट्याने चरबी वितळत नाही.

सव्वा महिन्यानंतर उरते ती मुख्यतः आधी साठवलेली चरबी. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज सहाशे उष्मांक जादा लागतात. काही बाहेरून जेवणातून येतात, काही ही शिल्लक मोडून. म्हणून पाजणाऱ्या आईचे वजन महिन्याला अर्धा-एक किलो हळूहळू उतरते आणि सहा महिने ते वर्षात बहुतेक जणी पूर्वीच्या जवळपास येतात. पण येथे दोन घरांचे दोन प्रकार. एका घरी डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, अळीवाची खीर, वर तूप, आणि तीन-चार महिने जागचे हलायचे नाही. लाडू वाईट नाहीत; पन्नास ग्रॅमचा एक लाडू सुमारे सव्वा भाकरीएवढी ऊर्जा देतो, शिवाय अळिवात लोह आहे. पण रोज चार लाडू आणि वर दोन्ही वेळचे ताट, असे झाले तर शिल्लक मोडायची वेळच येत नाही, उलट तिच्यात भर पडते. प्रत्येक खेपेला दोन-तीन किलो असे अंगावर राहिले, की तिशी-पस्तिशीत गुडघे बोलायला लागतात. भाजी, फळे “बाळाला बाधतील” म्हणून बंद आणि लाडू मात्र चालू, हा तर उफराटा न्याय आहे. दुसऱ्या घरी लाडू बाराव्या दिवसापर्यंत पुरले तर पुरले, आणि महिना भरत नाही तोच बाई भांगलणीला. तिची शिल्लक मुळात नव्हतीच. मग ती दुधासाठी स्वतःच्या हाडामांसातून देते, आणि दोन वर्षांच्या आत पुन्हा दिवस गेले तर पहिल्यापेक्षा कमी वजनावर दुसरे बाळंतपण सुरू होते.

बाई म्हणजे काही जमीन नव्हे, पण लागणीनंतर खोडवा, खोडव्यानंतर निडवा घेत गेलो की उतारा का पडतो हे आपल्याला कळते, म्हणून तोच शब्द वापरतो. बेवड पाहिजे. जन्मानंतर किमान दोन वर्षे पुढचा गर्भ राहू नये असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दोन मुलांत तीन वर्षांचे अंतर ठेवावे असे आपले सरकारही सांगते. तांबी बसवल्याने अंग सुटते ही भीती निराधार आहे, तांबीत वजन वाढवणारे काही नसते. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशननेही वजन वाढत नाही. वाढते ते त्या वयात कमी झालेल्या हालचालीने आणि आधीच्या बाळंतपणांच्या राहिलेल्या बाकीने.

वजन उतरवायची घाई पहिल्या दीड महिन्यात करू नये. नंतर चालणे वाढवावे, तूप-साखर आवरावी, जेवण तोडू नये. खाऊन-पिऊनही वजन झपाट्याने ढासळत असेल, छाती धडधडत असेल, किंवा उलट वजन उतरतच नाही आणि सतत थकवा, थंडी वाजणे, केस गळणे असेल, तर थायरॉईडची तपासणी करावी. दोन आठवड्यांच्या वर खोकला आणि ताप असेल तर थुंकी तपासावी. गरोदरपणी साखर वाढली होती तिने बाळंतपणानंतर दीड महिन्याने रक्त पुन्हा तपासून घ्यावे, आणि पुढे दरवर्षी.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होत नाही. आपल्या फडात कोयता घेऊन जी जोडपी येतात त्यांच्यात पोटुशी बायका असतात. पहाटे उठून ऊस तोडायचा, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायची, आणि कोपीत परत येऊन चूल पेटवायची. खाडा झाला तर पैसे कापले जातात म्हणून दिवस भरत आले तरी कामावर. गावाकडे अंगणवाडीत तिचे नाव असते, हंगामात ती इकडे येते आणि कार्ड तिकडे पेटीत राहते. तिच्या वजनाची ना तिकडे नोंद होते, ना इकडे. ज्याच्या फडात टोळी उतरली आहे त्या सभासदाने मुकादमाला विचारून घ्यावे, टोळीत गरोदर किंवा ओली बाळंतीण कुणी आहे का, आणि गावच्या आशाताईंना कळवावे. अंगणवाडीतला आहार आणि तपासणी यासाठी ती बाहेरगावची असल्याची अडचण येऊ देऊ नये. मोळी तिच्या डोक्यावर देऊ नये, हे मुकादमाला सांगायला तर कुणाची परवानगीही लागत नाही.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली डॉक्टरांकडून गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. २०१६ सालापासून हे चालू आहे. मातृवंदना योजनेतून पात्र मातेला पहिल्या खेपेला पाच हजार रुपये, आणि दुसरी मुलगी झाल्यास सहा हजार रुपये तिच्या खात्यावर मिळतात. ते तिच्या खाण्यासाठी आहेत, युरियासाठी नाहीत. वजन दर वेळी शक्यतो एकाच काट्यावर, चपला काढून करावे. काटा बदलला की वजन बदलते, हे आपल्या सभासदांना वेगळे सांगायला नको. आणि लग्न होऊन सून घरात आली की त्याच महिन्यात तिचे वजन आणि उंची एकदा मोजून घ्यावी. त्रेचाळीसच्या खाली असेल तर दिवस जायच्या आधीच ते भरून काढता येते.